न फुटणारी गोळी

मित्रांनो, मला कुणी हातात घेऊ शकत नाही, माझा वास घेऊ शकत नाही, की मला खिशात टाकू शकत नाही. तरीही मी गोळीच आहे, आणि आता बरीच जुनी झाले आहे. दवाखान्यातली गोळी मी नव्हे. आमच्याकडे घरोघरी कुणी ना कुणी फौजेत असतं, त्यामुळे काहींना बंदुकीतली गोळी आठवेल. ती तर मी मुळीच नव्हे. मी खताची गोळी आहे आणि सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या संगणकात राहते.

संगणकात खताची गोळी काय करत असेल? मित्रांनो, ती पडते. उंचावरून पत्र्यावर पडायचं आणि आपण फुटतो की नाही हे माणसांना दाखवायचं, एवढंच माझं आयुष्य. खऱ्या गोळ्या उंचावरून पाडून पाहायच्या तर आधी तेवढी उंच शेड उभी करावी लागते, पत्रा कापावा लागतो, आणि मग चूक कळली तर ती निस्तरायला फार उशीर झालेला असतो. म्हणून आधी मला पाडतात. मी खरं दाखवलं तर पुढचं सारं नीट होतं. आणि खोटं दाखवलं तर? या एका धास्तीत माझे चांगले दिवससुद्धा गेले.

माझ्या खऱ्या बहिणी कडेगावच्या बाजूला एका गावात जन्मल्या. साखर कारखान्यात उसाचा रस गाळला की काळा गाळ उरतो. गावातल्या बायकांचा गट तो गाळ आणून वाळवतो, दळतो, त्यात शेणखत मिसळतो आणि ती भुकटी एका मोठ्या फिरत्या परातीत टाकतो. वरून चिकट पाण्याचा हलका शिडकावा होतो. परात फिरत राहते, कणाला कण चिकटतो आणि हळूहळू गोळी वळली जाते. संक्रांतीचा हलवा करताना तिळावर पाक कसा चढत जातो, हे ज्यांनी चुलीपाशी बसून पाहिलं आहे, त्यांना मी जास्त सांगायला नको. हलव्याला घाई चालत नाही, तशी आम्हालाही चालत नाही.

वळलेल्या गोळ्या पत्र्याच्या नळकांड्यातून खाली पोत्यात पडत. त्या नळकांड्याच्या तोंडाशी पोतं धरून बनाबाई बसत. नाकातोंडावर पदर बांधलेला, भुवया आणि पापण्या राखेसारख्या वाळक्या धुळीने करड्या. त्यांना खोकला लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की धुळीपासून दूर राहा. पण बनाबाई म्हणत, ‘‘धुळीपासनं लांब ऱ्हायाचं म्हंजी मग ऱ्हायाचं कुठं?’’ आणि पुन्हा पोतं धरत.

त्यांची मुलगी स्वप्ना सांगलीला एम.टेक.ला होती. दुपारी ती प्रयोगशाळेत डबा खात असे आणि जेवताना आईला फोन लावत असे. माझा जन्म व्हायच्या आधीपासून तो संगणक त्या टेबलावर आहे, त्यामुळे त्याच्या पोटातल्या आम्हा सगळ्यांना बनाबाईंचा आवाज पाठ झाला होता. आधी खोकला येई आणि मग, ‘‘जेवलीस का गं?’’

गटाची नवी शेड उभी राहणार होती. ती जुन्या शेडपेक्षा पुष्कळ उंच होती, कारण गोळ्या साठवायची टाकी वर बसणार होती. शिरवळला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवणारे जयराज ते काम करणार होते. त्यांनी गटाला विचारलं, नळकांडं सरळ उभं ठेवू की वळणावळणाचं करू? सरळ केलं तर काम सोपं, पत्रा कमी आणि पोती भराभर भरतील. पण मग गोळी दोन पुरुष उंचीवरून थेट नळकांड्याच्या तळच्या पत्र्यावर आपटणार. ती फुटेल का? फुटली तर धूळ किती उडेल? आणि ती धूळ खाली बसलेल्या बाईच्या छातीत किती जाईल?

हा प्रश्न स्वप्नाने आपल्या प्रोजेक्टसाठी मागून घेतला. तिच्या मार्गदर्शक राजेश्वरी मॅडमनी होकार दिला. गावाकडून नमुन्याच्या गोळ्या आल्या. त्या डब्याचा फोटो अजून आमच्या संगणकात आहे. स्टीलचा घासलेला डबा, आत धुतलेलं पांढरं फडकं आणि त्यात माझ्या बहिणी, सगळ्या एकसारख्या, गरगरीत, काळ्याभोर. लेकीच्या सासरी फराळ पाठवावा तसा तो डबा दिसत होता. आता वाटतं, त्याच क्षणी कुणीतरी नीट पाहायला हवं होतं.

स्वप्नाने एकेक गोळी दोन लोखंडी चकत्यांमध्ये ठेवून दाबली. किती दाब दिल्यावर ती फुटते, हे यंत्र दाखवत होतं. बहिणी कडकन आवाज करून फुटत होत्या आणि त्या आवाजातून मी घडत होते. संगणकात हजारो बारीक कण एकत्र आणून स्वप्नाने त्यांना न दिसणाऱ्या गाठींनी एकमेकांशी बांधलं. प्रत्येक गाठ किती घट्ट, ते त्या चकत्यांमध्ये फुटलेल्या बहिणींवरून ठरलं. गाठी सुटतील तिथे मला तडा जाणार होता. सगळ्याच सुटल्या तर माझी भुकटी होणार होती. अशी मी जन्मले.

आणि मग माझं पडणं सुरू झालं. मित्रांनो, खरी गोळी पत्र्यावर आपटते तेव्हा तुमची पापणी लवायच्या आत सगळं संपतं. पण प्रत्येक कणाचं, प्रत्येक गाठीचं गणित करत तेवढाच क्षण ओलांडायला संगणकाला अख्खी दुपार लागायची. पंखा घरघरत राहायचा, टेबल तापायचं आणि मी दुपारभर पडत असायची. खालचा पत्रा जवळ येताना दिसतो आहे, पण अजून पोहोचायचं आहे, ही अवस्था तुमच्यावर कधी न येवो. पत्रा लागला की माझ्या अंगभर तांबडा रंग पसरायचा. ताण आला की तांबडा आणि ताण ओसरला की निळा, असं स्वप्नाने ठरवलं होतं. दर वेळी मला वाटायचं, आता तडा जाणार. दर वेळी काठावरचे दोन-चार कण निसटायचे, मी उडी घ्यायची आणि पुन्हा निळी व्हायची.

मी फुटत नव्हते!

‘‘अगं, भलतीच टणक आहे ही!’’ राजेश्वरी मॅडम खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. ‘‘आणखी वरून टाक बरं.’’

आणखी वरून टाकलं, तिरकं टाकलं, माझ्यासारख्या अनेकजणींबरोबर टाकलं. मी धडधाकटच राहिले. सगळ्यांना आनंद झाला. मला मात्र एक गोष्ट खात होती. गावच्या जुन्या शेडमध्ये गोळ्या जेमतेम कमरेइतक्या उंचीवरून पडत होत्या आणि तरी बनाबाई खोकत होत्या. मी दोन पुरुष उंचीवरून पडत होते आणि धूळ नव्हती. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून कुणी पाहत नव्हतं. स्वप्नाच्या मनात एकदा शंका आली होती, पण तिने तिचं उत्तरही लगेच शोधलं. परातीत नीट न चिकटलेली भुकटी असणार, ती उडत असेल, चाळण बदलली की थांबेल. उत्तर पटण्यासारखं होतं. चुकीची उत्तरं बहुतेक वेळा पटण्यासारखीच असतात. मला बोलायचं होतं, पण मला तोंड नाही. मी फक्त पडू शकते.

मग कॉलेजात प्रदर्शन भरलं. माझा तांबडा-निळा फोटो मोठ्या पोस्टरवर छापला गेला. संगणक उचलून सभागृहातल्या टेबलावर आणला आणि, गणित आधीच झालेलं असल्यामुळे, मी येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर क्षणात पडून दाखवू लागले. पहिलं बक्षीस स्वप्नाला मिळालं. त्या दिवशी बनाबाई आल्या होत्या. चौदा एप्रिलला नेसायचं ठेवणीतलं पांढरं पातळ नेसून आल्या होत्या आणि लेकीच्या टेबलापाशी कोऱ्या रुमालासारख्या ताठ उभ्या होत्या. जयराजही आले होते. नळकांड्याचा शेवटचा आराखडा घेऊन त्यांना लगोलग शिरवळला परतायचं होतं.

बनाबाईंनी वाकून माझ्याकडे पाहिलं.

‘‘ही आमची गोळी व्हय गं?’’

‘‘हो आई, तुमचीच.’’

‘‘मग तांबडीनिळी कशापायी?’’

‘‘ताण आला की तांबडी होते.’’

‘‘मंग पोतं उचलताना मी बी अशीच दिसत आसंन,’’ बनाबाई म्हणाल्या, आणि भोवतीची मुलं हसली.

मी पडले, आपटले आणि आख्खी राहिले. बनाबाईंनी हात जोडल्यासारखे केले.

‘‘न्हाई फुटली! आन् फुटंल कशी? गटातल्या सुलाबाईनं आन् मी सकाळभर बसून निवडल्यात. जवारी निवडावी तशा. चपट्या काढल्या, चिरल्याल्या काढल्या. वर पापडावानी कडक ऊन दिलं. पोरीच्या कालिजात जायाच्या, म्हटलं गटाची लाज जायला नको.’’

‘‘मावशी, तुमच्या गोळ्या म्हंजी पैलवान हायत की!’’ जयराज हसत म्हणाले. त्यांनी आराखड्याची गुंडाळी काखेत मारली, सगळ्यांना नमस्कार केला आणि ते निघाले.

स्वप्नाचा हात माउसवर तसाच राहिला होता.

‘‘आई,’’ तिने हळूच विचारलं, ‘‘मग रोजच्या गोळ्या कशा असतात?’’

‘‘रोजच्या रोजच्यावानी. पाव्हण्याच्या पुढ्यात कुणी करपल्याली भाकर ठेवतं व्हय?’’

एवढं बोलून बनाबाईंना खोकला आला आणि त्या पाणी प्यायला बाहेर गेल्या. आपण काय सांगितलं, याची त्यांना काहीच कल्पना नव्हती. घराबाहेर वस्तू जायची तर त्यातली उत्तम तेवढीच जावी, ही आमच्याकडची जुनी रीत. त्यांनी मायेने रीत पाळली होती आणि त्या मायेतून मी जन्माला आले होते. मी खोटी नव्हते, मित्रांनो, पण मी निवडलेली होते. आणि माझ्या भरवशावर शिरवळला पत्रा कापला जाणार होता!

लोक येऊन अभिनंदन करत होते आणि स्वप्ना मान डोलवत होती. बक्षिसाचं पदक तिच्या गळ्यात होतं. मला आतून ओरडावंसं वाटत होतं, जयराजना थांबव, ते गेटपाशी असतील, धाव! पण कुणीतरी पुन्हा बटण दाबलं आणि मी पुन्हा पडू लागले. पुन्हा आख्खी राहिले. टाळ्या झाल्या. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या टाळ्यांमध्ये त्या टाळ्या मला सर्वांत जड गेल्या.

शेवटी ती राजेश्वरी मॅडमकडे गेली. मॅडम पाहुण्यांना पेढे देत होत्या.

‘‘मॅडम, एक बोलायचं होतं.’’

‘‘बोल की. आधी पेढा घे.’’

‘‘मॅडम, गोळी चुकीची आहे.’’

आईने सांगितलेलं तिने सगळं सांगितलं. मॅडमनी पेढ्यांचा बॉक्स खाली ठेवला. मला वाटलं, आता या म्हणतील, प्रदर्शन संपू दे, नंतर बघू. तसं म्हणणं सोपं होतं, पोस्टरवर त्यांचंही नाव होतं.

‘‘मी एकदाही त्या शेडमध्ये गेले नाही,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘नमुना कुणी काढला, कसा काढला, विचारलंसुद्धा नाही.’’ मग एकदम सावरून म्हणाल्या, ‘‘तू आधी जयराजला फोन लाव. पोस्टरचं मी बघते.’’

जयराज फोन उचलेनात. हायवेवर मोटारसायकल चालवताना त्यांना रिंग कुठून ऐकू येणार? स्वप्ना लावत राहिली. मधेच बनाबाई आत येऊन म्हणाल्या, ‘‘काय झालं गं? तोंड का उतारलंय?’’ आणि स्वप्ना म्हणाली, ‘‘काही नाही आई, तू बस.’’ सभागृहातल्या खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती, तेव्हा कुठे पलीकडून आवाज आला. मागे यंत्राची घरघर होती.

‘‘बोला ताई. गाडीवर हुतो. आत्ता पत्रा मशीनवर चढिवलाय बघा.’’

‘‘दादा, उतरवा तो. कापू नका.’’

‘‘आँ? अवं, दुपारी बक्षीस घेतलंसा, आन् आता उतरवा? त्या गोळीला काय ताप आला का काय?’’

‘‘गोळी वेगळी निघाली, दादा. खऱ्या गोळ्या फुटणार.’’

‘‘ताई, पोरं थांबलीत माझी. गटाच्या बायका रोज इचारत्यात, कवा देतुयस, कवा देतुयस. मी त्यास्नी काय सांगू? कालिजवाल्यांचं मन बदललं म्हनून?’’

स्वप्नाने एकदा दाराकडे पाहिलं. तिथे पांढऱ्या पातळातल्या बनाबाई एका मुलीला माझं पोस्टर दाखवत होत्या.

‘‘दादा, बक्षीस मला मिळालंय,’’ ती म्हणाली. ‘‘धूळ माझ्या आईला मिळंल.’’

पलीकडे थोडा वेळ नुसती घरघर. मग ती थांबली.

‘‘बंद केलं मशीन,’’ जयराज म्हणाले. ‘‘पर लय दिवस लावू नका, ताई.’’

पुढच्या रविवारी स्वप्ना गावी जाऊन आली. तिथे काय झालं ते तिने मॅडमना सांगितलं, म्हणून मला कळलं. नळकांड्याखाली उभं राहून तिने भरलेल्या पोत्यांतूनच गोळ्या काढल्या, वरून, मधून, अगदी तळातून. चपट्या, वेड्यावाकड्या, ओलसर, अर्ध्या फुटलेल्या. बनाबाई कानकोंड्या होऊन पदराने पोत्याचं तोंड झाकायला लागल्या.

‘‘ह्या न्यायच्या? अगं, ह्यातल्या घावतील तेवढ्या तर आमी परत परातीत टाकतो.’’

‘‘ह्याच पाहिजेत, आई.’’

बनाबाईंना तेव्हा उमजलं. त्या पोत्यावरच बसल्या. ‘‘म्हंजी माझंच चुकलं व्हय गं?’’

‘‘नाही. तू पाव्हण्यांना देतात तसं दिलंस. मीच विचारायला पाहिजे होतं.’’

‘‘अगं, मग आधी सांगायचं न्हाईस? सकाळभर कंबर मोडली ती मोडली!’’ असं म्हणून बनाबाई डोळे पुसत हसल्या.

मग माझ्या शेजारी नवी गोळी घडली. तिच्या गाठी सारख्या नव्हत्या. काही घट्ट, काही सैल, आणि पोटात पोकळी. बिचारी दिसायलाही ओबडधोबड होती. तिला सरळ उभ्या नळकांड्यातून पाडलं, आणि ती पत्र्याला लागताच तिच्यातून असा काही धुरळा उठला की सगळा पडदा भरून गेला. ते फक्त आकडे होते. संगणकात धूळ नसते. तरीही पडद्यासमोर बसलेल्या स्वप्नाने नकळत ओढणी नाकाला लावली. ते मी पाहिलं आणि मला धडकी भरली. केवढ्या थोडक्यात वाचलो होतो आम्ही!

त्या दुबळ्या बहिणीला पुढे किती वेळा पाडलं, किती वळणांवरून घसरवलं! ती दर वेळी कुठे फुटते ते पाहून वळणं बदलली गेली. शेवटी जयराजनी नळकांडं वळणावळणाचं केलं आणि वळणांना आतून रबर लावलं. काम लांबलं. गटातल्या बायकांनी त्यांना आणि स्वप्नाला दोघांनाही बरंच ऐकवलं. नवी शेड सुरू झाली तेव्हा स्वप्नाने मोबाईलवर काढलेलं चित्रण आमच्या संगणकात आणून ठेवलं. मुलं घसरगुंडीवरून यावीत तशा गोळ्या खाली येत होत्या. धूळ अगदीच नव्हती असं नाही, थोडी होती. पण बनाबाईंच्या भुवया काळ्याच दिसत होत्या.

माझं काय झालं? पोस्टर त्याच संध्याकाळी मॅडमनी उतरवलं होतं. बक्षीस काढून घेतलं नाही, पण स्वप्नानेही पदक पुन्हा गळ्यात घातलं नाही. मला एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये ठेवलं. त्या फोल्डरला नाव आहे ‘जुनी’. महिनेच्या महिने तिथे कुणी येत नाही. सुरुवातीला वाईट वाटलं. जिने कधी तडा जाऊ दिला नाही तिला अडगळ, आणि जी पहिल्या आपटीत भुकटी होते तिचं कौतुक! पण दुपारी फोन लागतो, आधी खोकला येतो आणि मग, ‘‘जेवलीस का गं?’’ तेव्हा माझं मन फिरतं. खोकला कमी झाला आहे, गेलेला नाही. एखाद्या दिवशी तो जास्त वेळ चालला तर माझे कण अजूनही आवळून येतात. स्वप्ना घास हातात तसाच धरून थांबते. खोकला संपेपर्यंत आम्ही दोघी वाट पाहतो.

वर्षातून एकदा मात्र मला बाहेर काढतात. नवी मुलं येतात, आणि आता तिथेच शिकवणारी स्वप्ना आधी मला पाडून दाखवते. मी आख्खी राहते आणि मुलं टाळ्या वाजवतात. मग ती दुसरीला पाडते. ती फुटते आणि वर्ग गप्प होतो.

मित्रांनो, तुमच्याकडेही कुणी नमुना मागेल. शेतातली माती मागेल, विहिरीचं पाणी मागेल, उद्या कदाचित तुमच्या घरची खरी हकीकत मागेल. तेव्हा निवडत बसू नका. चपटं, चिरलेलं, ओलसर जे असेल ते त्यात येऊ द्या. त्याची लाज बाळगू नका, कारण खाली पोतं धरून कुणीतरी बसलेलं असतं. आणि मी पुन्हा कधी तुमच्यासमोर उंचावरून पडले, आपटले आणि आख्खी राहिले, तर टाळ्या वाजवायच्या आधी एवढं विचारा, ही कुठून आणली, आणि हिच्या बाकीच्या बहिणी कुठे आहेत?